आयसोस्पिन आणि शेल मॉडेलची गणिते : या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतील महाविद्यालयांत एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हलक्या अणुकेंद्रकांची शेल मॉडेल गणिते (प्रोटॉन-न्यूट्रॉन ठरावीक कक्षांत भरून ऊर्जा काढण्याची पद्धत) करणाऱ्या विद्यार्थ्यांचे उत्तर प्रयोगाशी जुळले नाही, की पहिला संशय आंतरक्रियेवर, म्हणजे कणांमधील बलाच्या तयार आकड्यांवर, घेतला जातो. ब्राउन आणि रिक्टर यांनी २००६ मध्ये एसडी कवचासाठी (डी ५/२, एस १/२ व डी ३/२ या कक्षा) मांडलेली यूएसडीबी आंतरक्रिया आपल्या लॅपटॉपवर आल्यावर अचानक बिघडत नाही. बिघाड शोधायचा तो आपण तयार केलेल्या फाइलमध्ये.

सर्वांत महागात पडणारी चूक आयसोस्पिनमधील (प्रोटॉन व न्यूट्रॉन ही एकाच कणाची दोन रूपे मानणाऱ्या मांडणीतील) मॅट्रिक्स घटक, म्हणजे कणांच्या दोन जोड्यांना जोडणारे आंतरक्रियेचे आकडे, प्रोटॉन-न्यूट्रॉन रूपात मांडताना होते. दोन्ही कण एकाच कक्षेत असतील तर जे (एकूण कोनीय संवेग) आणि टी (एकूण आयसोस्पिन) यांची बेरीज विषम असावी लागते, म्हणून डी ५/२ कक्षेत टी = १ साठी जे ०, २, ४ आणि टी = ० साठी १, ३, ५ एवढेच संभवते. मॅट्रिक्स घटकाच्या दोन्ही बाजूंच्या जोड्यांत कक्षा भिन्न असल्या की दोन्ही टी चालतात आणि कर्णावरचा घटक त्या दोन मूल्यांच्या बेरजेच्या निम्मा असतो. खरी गफलत मधल्या प्रकारात होते. वाशीच्या एका विद्यार्थिनीच्या फाइलमध्ये एका बाजूला डी ५/२ ची जोडी आणि दुसऱ्या बाजूला डी ५/२ व डी ३/२ असलेली, जे = २ ची ओळ जशीच्या तशी उतरवलेली होती; तेथे २ च्या वर्गमुळाने भागायला हवे होते. ऑक्सिजन-१८ मध्ये ऑक्सिजन-१६ च्या गाभ्याबाहेर दोन न्यूट्रॉनच असल्याने त्याचे उत्तर बरोबर येते, माणूस निर्धास्त होतो, आणि फ्लुओरीन-१८ मात्र चुकत राहते.

यासाठी कूलंब बल (प्रोटॉनांमधील विद्युत प्रतिकर्षण) न घालता ऑक्सिजन-१८, फ्लुओरीन-१८ आणि निऑन-१८ ही तिन्ही गणिते करावीत. टी = १ च्या पातळ्यांची ऊर्जा तिन्हींत तंतोतंत सारखी आली पाहिजे. फ्लुओरीनची मूळ अवस्था टी = ० ची असून टी = १ ची पहिली पातळी प्रयोगात तिच्या १.०४ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) वर आढळते. म्हणून तुलना एकूण ऊर्जेची करावी, मूळ अवस्थेपासूनच्या अंतराची नव्हे. प्रोटॉन-न्यूट्रॉनचे रकाने उलटे भरल्याची चूक मात्र या चाचणीतून निसटते आणि कूलंब बल घातल्यावरच उघडी पडते.

यूएसडीबीचे द्विकण घटक वस्तुमानांकानुसार (ए) १८/ए च्या ०.३ घाताने गुणायचे असतात. सिलिकॉन-२८ साठी हा गुणक सुमारे ०.८७६ येतो. एककण ऊर्जांना मात्र हात लावू नये.

मेमरी वाचवण्यासाठी केवळ प्रोटॉनांच्या कक्षा भरण्यावर मर्यादा घातली, तर आयसोस्पिन तेथेच मोडतो आणि टी चे मूल्य नेमके पूर्णांक किंवा अर्धपूर्णांक येत नाही. एसडी कवचात ही काटकसर बहुधा निष्कारण असते, कारण सिलिकॉन-२८ ची एम = ० ची (एम हा जे चा अक्षावरील घटक) मिती, म्हणजे मॅट्रिक्सचा आकार, ९३,७१० इतकीच आहे.

याउलट, कार्बन-१३ ची पहिली उत्तेजित पातळी ३.०९ एमईव्ही वर आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या संख्या उलट असलेल्या नायट्रोजन-१३ मधील तिची जोडीदार २.३७ वर दिसली, तर फाइल धुंडाळू नये. एस कक्षेतील प्रोटॉन दूरवर पसरतो आणि त्याची कूलंब ऊर्जा घटते. हा थॉमस-एरमन सरक आयसोस्पिन जपणाऱ्या आंतरक्रियेतून मिळणारच नाही.