अकरा महिन्यांचा टेट्रिस: भाड्याच्या घरावर लिनोकट

भाडेकराराचे अकरा महिने संपत आले की माळ्यावरची खोकी पुन्हा खाली उतरतात. वरून पडणारे आकार रचायच्या टेट्रिस या व्हिडिओ गेममध्येही तेच. ओळ काठोकाठ भरली, सगळं नीट बसलं, की ती गायब! १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी बनवलेला हा गेम लिनोकटसाठी, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून त्यावरून ठसे छापण्यासाठी, सोयीचा आहे, कारण त्यात नुसते चौकोन.

१० × २० सेंमीचा लिनो घ्या. गेमचा पट १० रकाने आणि २० ओळींचा, म्हणजे एक चौकोन १ सेंमीचा. आकार सात, प्रत्येक चार चौकोनांचा. खालच्या दहा ओळी या आकारांनी पूर्ण भरा आणि चौकोनांत आपलं घर बसवा: खिडकीचे गज, सिलिंडर, तुळशीची कुंडी. एका चौकोनात एकच वस्तू, नाहीतर चिखल होतो. वर एखादा आकार पडताना दाखवा.

चित्र कार्बनने उतरवा, पण उलटं करून. अक्षरंच नव्हे, टेट्रिसचे एल आणि झेडसुद्धा छापताना फिरतात.

लिनो पाच मिनिटं उन्हात ठेवला की मऊ पडतो. रेषा व्ही आकाराच्या टोकाच्या टूलने, मोकळी जागा यू आकाराच्या टूलने कोरा. दुसरा हात कायम टूलच्या मागे. कोरलं ते पांढरं, उरलं ते काळं.

काचेवर तेलाची शाई रोलरने पसरा. बारीक चर्रचर्र आवाज आला की पुरे. लिनोवर शाई लावून कागद ठेवा, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासा. ठसा फिका आला तर लगेच दुसरा काढा, कारण पुढे परतीची वाट नाही.

आता लिनो गोडेतेलाने पुसा, भरलेली एक ओळ पूर्ण कोरून काढा आणि पुन्हा छापा. पहिला धरून असे अकरा ठसे. कुठली ओळ आधी घालवायची, यातच खरा वेळ जातो. मी शेगडीची ओळ शेवटपर्यंत ठेवली. गेममध्ये वरच्या ओळी खाली सरकून भोक बुजवतात, लिनोत ती पांढरी पट्टी तशीच राहते. राहू द्या.

जुन्या कराराच्या झेरॉक्सवर छापायचा मोह होईल. टाळा, सगळं आधीच सांगून टाकल्यासारखं होतं.

खाली पेन्सिलीने १/११, २/११ असे आकडे घाला आणि ठसे क्रमाने दोरीवर वाळत लावा. तेलाच्या शाईला काही दिवस लागतात. घरमालकाने खिळे मारायला मनाई केली असेल, तर दोरी खिडकीच्या गजांना बांधा.