पर्सनल लोनच्या वसुलीचा दावा आलाय? या चुका टाळा

बेलिफ (समन्स बजावणारा कोर्टाचा कर्मचारी) दारात आला की घराघरांत एकच उत्तर तयार असतं: "साहेब घरी नाहीत." याने काही थांबत नाही. समन्स नाकारलं तरी बजावणी झाली असंच धरलं जातं. शिवाय दाराला डकवलेला कागद अख्खी सोसायटी वाचते, ते वेगळंच. सही करून समन्स घ्या आणि सहीखाली तारीख घाला, कारण मुदत त्याच दिवसापासून मोजली जाते.

मुदत किती, हे हातात आलेला कागद कोणता यावर ठरतं. इथे भलेभले गोंधळतात. साधा दिवाणी दावा असेल तर कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायला 30 दिवस. सबळ कारण दिलं तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत वाढवून देतं. दावा 'समरी' म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 37 खालचा, झटपट निकालाचा असेल, तर मात्र 10 दिवसांत हजेरी लावावी लागते. त्यानंतर 'समन्स फॉर जजमेंट' (वादीने निकाल मागितल्याचं समन्स) मिळालं की बचावाची परवानगी मागायला पुन्हा फक्त 10 दिवस. ती मागितलीच नाही तर वादीच्या बाजूने थेट हुकूमनामा (पैसे द्यायचा कोर्टाचा निकाल) होऊ शकतो. चेक किंवा ईएमआयचा ऑटो-डेबिट बाउन्स झाल्याची केस फौजदारी असते, तिथे गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. लोकअदालतीची दाखलपूर्व (दावा दाखल होण्याआधीची, तडजोडीसाठीची) नोटीस म्हणजे दावा नव्हे. आणि व्हॉट्सॲपवर आलेलं 'समन्स' खरं की एजंटने धमकावायला पाठवलंय, हे कोर्टांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर सीएनआर नंबर (केसचा स्वतंत्र क्रमांक) टाकून पाहता येतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "पैसे तर घेतलेत, आता काय तोंडाने बोलणार?" असं म्हणून गप्प बसणं. कर्ज घेतलं हे कबूल करणं वेगळं आणि मागितलेला आकडा कबूल करणं वेगळं. समजा दावा 3,40,000 चा आहे. खातेउतारा ओळीने वाचला तर त्यात मुद्दल 2,10,000 च निघेल; बाकी व्याज, दंड, बाउन्स चार्जेस, वर 'लीगल चार्जेस'. भरलेले दोन-तीन हप्ते जमेलाच धरलेले नसतील. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हे 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. असं काही दिसलं की कैफियतीत तारीख आणि रक्कम घालून लिहा. "मजकूर खोटा आहे, मान्य नाही" एवढ्यावर भागत नाही. जो मुद्दा नेमकेपणाने नाकारला नाही, तो कबूल केला असं कोर्ट धरू शकतं.

मुदतीचा बचाव, म्हणजे दावाच उशिरा लावलाय का, हेही तपासा. अशा वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती थकलेल्या हप्त्यापासून मोजायची की कर्ज परत मागितल्यापासून, यावर वाद होतो. तेवढ्यात "पाचशे तरी भरा, इथे सही करा" असा आग्रह झाला तर जपून. मुदतीच्या आत दिलेल्या लेखी कबुलीने तीन वर्षं नव्याने सुरू होतात.

वकील परवडत नाही म्हणून तारीख सोडू नका. कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती असते (हेल्पलाइन 15100). महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल, तर तो रद्द करून घ्यायला 30 दिवसांत अर्ज करा. समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल तर हे दिवस तुम्हाला कळल्यापासून मोजतात. पुढे दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) पगार जप्त झाला तरी सगळा जात नाही: पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे 31,000 पगारातून जास्तीत जास्त 10,000.

तडजोड जरूर करा, पण फोनवर नको. "पैसे भरा, केस मागे घेतो" या शब्दावर तारखेला न जाणारे नंतर हुकूमनामा हातात घेऊन फिरताना दिसतात. तडजोडीची पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दोघांच्या सहीने कोर्टात दाखल करा, हप्ते ठरले असतील तर ते तारखांसकट त्यात लिहा आणि शेवटचा हप्ता भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या. सिबिलवर 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलं) लागणार की 'सेटल्ड' (कमी रकमेत मिटवलं), हे सही करण्याआधीच विचारा.