फाइल कुठून आली, हे आधी विचारा

जीनोमच्या डेटावर नुकतंच काम सुरू केलेल्यांसाठी लिहितेय. अलाइनमेंट (रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे, संदर्भ जीनोमवर जुळवणं), व्हेरियंट कॉलिंग (त्यातले बदल शोधणं) तुम्हाला येतं असं धरून चालते. मी अडकले ते त्याच्याही आधी.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे ट्यूमरमधल्या व्हेरियंटच्या दोन याद्या होत्या. एक आमच्या लॅबची, दुसरी एका सीनियरने पेनड्राइव्हवर दिलेली. ताडून पाहिल्या, तर टीपी५३ जनुकातला आर१७५एच हा नेहमीचा बदल आमच्या यादीत होता आणि दुसरीत नव्हताच. मला वाटलं, काहीतरी नवीन हाती लागलं. चार महिने त्या फरकामागे घालवले. पोस्टरही झालं.

बदल दोन्हीकडे होता. आमच्याकडे १७व्या गुणसूत्रावर ७६७५०८८ या जागी, तिकडे ७५७८४०६ या जागी. आमची यादी मानवी संदर्भ जीनोमच्या २०१३च्या आवृत्तीवर (आवृत्तीला बिल्ड म्हणतात), जीआरसीएच३८वर बेतलेली, ती २००९च्या जीआरसीएच३७वर. संदर्भ जीनोममधल्या रिकाम्या जागा भरल्या, चुका सुधारल्या, की पुढचे सगळे आकडे सरकतात. आणि एररही येत नाही, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबरच असतात. त्या रात्री मला रडू आवरलं नाही.

म्हणून आधी हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची माहिती, वाचा. बॅम फाइलच्या (अलाइन केलेल्या रीड्सच्या फाइलच्या) हेडरमध्ये प्रत्येक गुणसूत्राची लांबी असते. पहिल्या गुणसूत्रापुढे २४९२५०६२१ दिसलं तर ३७, २४८९५६४२२ दिसलं तर ३८. हे दोन आकडे मी टेबलासमोर चिकटवून ठेवलेत. व्हीसीएफचं (व्हेरियंटच्या यादीच्या फाइलचं) हेडर कुणी उडवलं असेल, तर वीसेक ठिकाणची संदर्भ अक्षरं स्वतः फास्टाशी (संदर्भ जीनोमच्या अक्षरांच्या फाइलशी) जुळवून बघा. मायटोकॉन्ड्रियावर काम असेल तर ३७ एवढं कळूनही भागत नाही. यूसीएससी जीनोम ब्राउझरच्या एचजी१९मध्ये (३७चीच त्यांची आवृत्ती) तो क्रम १६५७१ अक्षरांचा होता, प्रमाण मानला जातो तो १६५६९चा.

‘लिफ्टओव्हर कर, पाच मिनिटांचं काम आहे,’ असं कुणीतरी सांगेलच; म्हणजे एका बिल्डवरचे आकडे थेट दुसऱ्यावरच्या आकड्यांत बदलायचे. मूळ रीड्स मिळत असतील तर ऐकू नका, नव्याने अलाइन करा. लिफ्टओव्हरमध्ये काही जागा गळतात आणि गळलेल्यांची फाइल कुणी उघडत नाही. पेपरमध्ये दिलेल्या ॲक्सेशन क्रमांकावरून एसआरए या सार्वजनिक साठ्यातल्या रीड्सपर्यंत पोचता येतं. क्रमांक टिपताना टिंबानंतरची आवृत्तीही टिपा; एनएम_०००५४६.६ (टीपी५३च्या संदर्भ क्रमाचा क्रमांक) मधला तो ६ सोडू नका.

माझ्या गाइडनी आलेख तीनदा तपासला, फाइल कुठली हे एकदाही विचारलं नाही. तुमचे गाइड विचारत असतील तर चिडू नका, त्यांना धरून राहा.

आणि घाबरूही नका. चूक कळल्यावर सगळं पुन्हा चालवायला मला नऊ दिवस लागले. आता प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल असते: कुठून आणली, कधी, बिल्ड कोणतं, एमडी५ (फाइल बदलली नाही ना, हे ताडायचा आकडा) काय. त्या जुन्या फोल्डरमध्येही ती आहे. तिची पहिली ओळ: ‘पेनड्राइव्हवरून. मूळ स्रोत माहीत नाही. बिल्ड ३७, संदर्भ अक्षरं जुळवून ओळखलं.’