स्किड स्टिअरचा एक्सल बदलताय? या चुका टाळा

एका आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर तीन महिन्यांत दुसऱ्यांदा स्किड स्टिअरचा डावा मागचा एक्सल तुटला आणि मालकाने पार्टवाल्याला शिव्या घातल्या. माल डुप्लिकेटच असणार, असं मलाही आधी वाटलं होतं. मग चाकांकडे लक्ष गेलं. डाव्या बाजूला मागे कोरा करकरीत टायर आणि पुढे घासून गुळगुळीत झालेला.

आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं असलं तरी ज्याला सरसकट बॉबकॅट म्हणतात, त्या स्किड स्टिअरला, म्हणजे पुढे बकेट असलेल्या छोट्या लोडरला, डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसतो. बहुतेक मॉडेलमध्ये एका बाजूची दोन्ही चाकं एकाच हायड्रॉलिक मोटरला चेनने बांधलेली असतात, त्यामुळे दोन्हींचे फेरे सारखेच. टायरच्या घेरात फरक असला की एक चाक ढकलतं, दुसरं अडवतं आणि तो पीळ चेनमधून एक्सलवर येतो. त्यात हे मशीन वळतं तेच मुळी चाकं फरफटवून. काँक्रीटवर दिवसभर जागच्या जागी गरागरा फिरवलं तर काय होणार? एका बाजूचे दोन्ही टायर सारखे ठेवा, बदलायचे तर जोडीने बदला.

जुना एक्सल भंगारात टाकायची घाई करू नका. तुटलेलं तोंड डिझेलने पुसून उजेडात धरा. शिंपल्यावर असतात तशा वळ्या दिसल्या आणि एका कडेला थोडाच भाग खडबडीत असला, तर चीर कित्येक दिवस वाढत होती. मग बेअरिंग, टायर, चेनचा ताण तपासा. सगळं तोंड एकसारखं खडबडीत असेल, तर एकदम बसलेल्या धक्क्याची शक्यता जास्त. तिथे ऑपरेटरशी बोलावं लागतं. तुटलेला एक्सल वेल्डिंग करून बसवणारेही भेटतात. त्यांच्याबद्दल काय लिहायचं!

बकेट रिकामी असताना वजन बरंचसं मागे असतं, हे मशीन उचलताना विसरू नका. नुसत्या जॅकवर काम नको, चेसिसखाली भक्कम ठोकळे हवेत. आर्म वर असतील तर त्यांचा सेफ्टी लॉक लावल्याशिवाय खाली डोकंसुद्धा घालायचं नाही.

सर्वाधिक घोळ होतो तो सील आणि बेअरिंगपाशी. बाहेरचं बेअरिंग गेलेलं दिसतं म्हणून तेवढंच बदलतात आणि आतलं तसंच राहतं. किंवा नवा कोन (बेअरिंगचा रोलर असलेला आतला भाग) जुन्या कपात (बाहेरच्या कड्यात) बसवतात. कप आणि कोन जोडीनेच बदलायचे. सील कोरडं ठोकायचं नाही. ओठाला (एक्सलला टेकणाऱ्या सीलच्या आतल्या कडेला) तेल लावा, एक्सलच्या दात्यांवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर दाते ओठ कापून टाकतात. छिन्नीने कडेकडेने ठोकण्यापेक्षा सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा घेऊन सरळ आत न्या. एक्सलवर सील फिरतं तिथे नख फिरवून पाहा. नख अडकलं तर खाच पडली आहे, तिथे नवं सीलही टिकणार नाही.

नवं सील आठवड्यात गळायला लागलं की लोक पुन्हा सीलच बदलतात. खरं तर बऱ्याचदा चेनकेसचा (चेन ज्या तेलाच्या पेटीत फिरते तिचा) ब्रीदर, म्हणजे हवा जाण्याचं तोंड, मातीने बुजलेला असतो, आत दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या वाटेने बाहेर येतं. ब्रीदर साफ करायला पाच मिनिटं लागतात.

बेअरिंग फुटलं असेल तर त्याचे तुकडे चेनकेसमध्ये पडलेले असतात. वरचं तेल स्वच्छ दिसलं म्हणून फसू नका. सगळं तेल काढा, चुंबक फिरवा, कोपऱ्यातला गाळ हाताने काढा. नंतर कंपनीच्या पुस्तकात दिलेलंच तेल घाला, कारण काही मशीनच्या चेनकेसमध्ये गिअर ऑइल चालत नाही. लेव्हल प्लगच्या वर भरायचं नाही. चेनची जोडकडी आणि स्प्रॉकेटचा बोल्ट जुनाच वापरून किती पैसे वाचतात, ते एकदा मोजून बघा. बेअरिंगची ढील काही मॉडेलमध्ये शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) बसवतात, काहींत ठरावीक टॉर्कने. हाताच्या अंदाजाने आवळलेलं बेअरिंग थोड्याच दिवसांत निळं पडून बाहेर येतं.

जोडून झाल्यावर अर्धा तास मशीन हळू चालवा, बंद करा आणि चारही हबजवळ (चाकांच्या मधल्या भागाजवळ) हात न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर ते उघडावं लागणार. चाकांचे नट आठ-दहा तासांच्या कामानंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. त्या प्लांटवर मी गेलो तेव्हा दोन नट बोटांनी फिरत होते.