सावलीचं झाड निवडताना या चुका टाळा

गेटपाशी गुलमोहर लावायचा आणि मे महिन्यात त्याखाली गाडी उभी करायची, असा बेत बरेच जण करतात. मे उजाडतो, झाड लालभडक फुलतं, फोटो झकास येतात आणि गाडीचा तवा होतो. कारण कोरड्या भागात गुलमोहर ऐन उन्हाळ्यात पानं झाडून बसतो. नीट पालवतो तो पावसाच्या तोंडावर. बहाव्याचंही तेच. शिरीषसुद्धा मार्चमध्ये वाळक्या शेंगा खुळखुळवत उघडाच उभा असतो. ही झाडं फुलांसाठी जरूर लावा, सावलीच्या भरवशावर नको. शिवाय गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची, त्यामुळे वळवाच्या वाऱ्यात फांदी कधी खाली येईल सांगता येत नाही.

झाड निवडायची सोपी रीत म्हणजे एप्रिलच्या अखेरीस भर दुपारी गावातून एक चक्कर मारायची. रिक्षावाले, रसवंतीवाले आणि मोकाट गुरं कुठल्या झाडाखाली आहेत ते बघायचं. आमच्या लातूरला ती कडुनिंब, करंज, वड, चिंच यांच्याखालीच सापडतात. कडुनिंब आणि करंज मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी घेतात, म्हणून मेमध्ये त्यांची सावली गर्द असते.

पण इथेच दुसरी चूक होते. ‘कडुनिंब कुठेही येतो’ हे मीही ऐकलं होतं आणि प्लॉटच्या सखल कोपऱ्यात, काळ्या मातीत तो लावला. यंत्राने गोल खड्डा पाडून घेतला, घमेली भरभरून शेणखत घातलं. जुलैच्या झडीनंतर रोप माना टाकू लागलं. पाणी कमी पडलं असेल म्हणून मी आणखी दोन बादल्या ओतल्या! शेवटी उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली, सालपटं बोटांत निघून येत होती आणि वास गटारीचा. खड्ड्याच्या कडा यंत्राने घासून गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. भोवतालची काळी माती फुगून घट्ट, आत भुसभुशीत भरण. आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच येऊन साचत होतं. झाडासाठी म्हणून मी हौद खणला होता.

म्हणून रोप आणण्याआधी हातभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. चोवीस तासांनंतरही पाणी दिसत असेल तर निचरा नाही असं समजा. अशा जागी अर्जुन, जांभूळ किंवा करंज लावा, कडुनिंब नको. यंत्राने खणला असेल तर कडा टिकावाने खरवडून खडबडीत करा, निघालेलीच माती परत भरा आणि रोप दीड फूट उंचवट्यावर बसवा. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात, म्हणून बुंध्यापासून चार बोटं सोडून पालापाचोळ्याचा जाड थर पसरा.

मुरमाड जागेत गोष्ट उलटी. तिथे पाणी थांबत नाही, आणि मजूर दोन फुटांवर कडक थर लागला की थांबतात. तो थर पहारीने फोडून घ्यायलाच हवा. भरताना तलावातला गाळ मिसळला तर ओल टिकते. कडुनिंबाची खरी जागा ही.

जमिनीवर पांढरी पापुद्री दिसत असेल किंवा पाऊस पडल्यावर माती चिकट होऊन वाळली की दगडासारखी होत असेल, तर ती खारवट किंवा चोपण असण्याची शक्यता मोठी. अकोला, अमरावती, बुलढाणा भागातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले लोक हे चांगलं ओळखतात. तिथे करंज, बाभूळ, विलायती चिंच तग धरतात. चोपणाला जिप्सम घालतात, पण पाण्याला वाट काढून दिल्याशिवाय जिप्समचे पैसे पाण्यात. कोकणात समुद्राकडच्या बाजूला खारा वारा सोसणारी उंडी आणि भेंड आहेतच. जांभ्यावर मात्र आधी मातीची खोली तपासा.

नव्या बंगल्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते : पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक युरिया टाकतात. बहुतेक वेळा नत्र नाही, लोह कमी पडलेलं असतं, आणि कारण अंगणाखाली पुरलेला राडारोडा. सिमेंट-चुन्याने माती विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) होते आणि असलेलं लोहही मुळांना मिळत नाही. लोहाचं साधं खत, म्हणजे फेरस सल्फेट, अशा मातीत अडकून पडतं. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये असं बांधलेलं लोह, दिलं तर फरक दिसतो, पण आधी राडारोडा उपसा. कडेने पानं करपत असतील तर बोअरचं पाणी खारट नाही ना ते तपासून घ्या. करंजाच्या पानांवर फोड आले तर मात्र घाबरू नका. तो कोळीवर्गीय किडीचा उद्योग, झाड त्याने मरत नाही.

रोपवाटिकेत आठ फुटी रोप बघून हुरळून जाऊ नका. पिशवी फाडून बघितलीत तर मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसतील. ती सोडवली किंवा कापली नाहीत तर झाड पाच-सात वर्षांनी वाऱ्यात कलतं. तीन फुटी रोप घ्या. घाईचं आणखी एक झाड म्हणजे कोनोकार्पस. गुजरात सरकारने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि आसुपालव, म्हणजे आपला उभट खोटा अशोक, सावलीसाठी लावणारे भेटले की मला हसू आवरत नाही. त्याच्या सावलीत फार तर छत्री मावेल.

चुकीचं झाड पुढे काढून टाकू, हा विचारही महाग पडतो. शहरात १९७५च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते.

आमच्या त्या सखल कोपऱ्यात आता उंचवट्यावर जांभूळ आहे. मेमध्ये सावली दाट पडते, खाट टाकता येते. जूनमध्ये स्कूटर मात्र दुसरीकडे लावावी लागते, नाहीतर सीट जांभळी होते.