गाइडच्या कमेंट्स ‘रिझॉल्व्ह’ करताय? या चुका टाळा

रात्री उशिरा गाइडकडून, म्हणजे मार्गदर्शकाकडून, प्रबंधाचा चॅप्टर परत येतो. समास कमेंट्सनी भरलेला, मजकुरात लाल खुणा. पोटात गोळा येतो आणि हात जातो सगळे बदल एकदम स्वीकारणाऱ्या ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल’वर. हे करू नका. घाईत बदललेल्या एखाद्या शब्दाने तुमच्या म्हणण्याचा अर्थच फिरतो, आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. एकेक बदल वाचा. पटला नाही तर नाकारा, पण का ते शेजारी लिहा.

मला सर्वांत जास्त खुपते ती चूक वेगळीच. एका विद्यार्थिनीच्या चॅप्टरमध्ये वाक्य होतं, ‘बचत गटामुळे गावातल्या स्त्रिया सक्षम झाल्या.’ मी समासात विचारलं, ‘कशावरून?’ पुढच्या मसुद्यात आलं, ‘मोठ्या प्रमाणावर सक्षम झाल्या.’ कमेंट रिझॉल्व्ह, म्हणजे ‘मिटली’ अशी खूण झाली, पण प्रश्न जागच्या जागी! मग मुलाखतींची वही उघडून दोघं बसलो. वाक्य झालं, ‘३० पैकी १९ जणींनी कर्ज कशासाठी घ्यायचं हे स्वतः ठरवल्याचं सांगितलं.’ ‘सक्षम’ शब्दाची गरजच उरली नाही. ‘कशावरून?’ ही भाषेची दुरुस्ती नसते हो, पुरावा मागितलेला असतो.

कमेंट कळली नाही तर तिच्याखालीच रिप्लाय करा. व्हॉट्सअ‍ॅपवर झालेलं बोलणं महिन्याभराने सापडत नाही. गूगल डॉक्समध्ये चुकून रिझॉल्व्ह केलेली कमेंट हिस्टरीतून पुन्हा उघडता येते.

वर्डमध्ये खुणा दिसत नसतील तर ‘रिव्ह्यू’मध्ये ‘ऑल मार्कअप’ निवडा. दोन प्रतींचा घोळ झाला तर तिथलंच ‘कम्पेअर’ वापरा. आणि मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर गूगल डॉक्समध्ये त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. म्हणून पाठवण्याआधीच तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून घ्या.

सिमिलॅरिटी रिपोर्टचं, म्हणजे मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो या अहवालाचंही तेच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून मुलं समानार्थी शब्द घालून आकडा खाली आणतात. आकडा सोडा, रंगवलेला परिच्छेद उघडा. विचार दुसऱ्याचा असेल तर शब्द बदलूनही संदर्भ द्यावाच लागतो.

आणि रिप्लायमध्ये नुसतं ‘बदललं’ लिहू नका. ‘पान ४२, दुसरा परिच्छेद: मुलाखतींचा आकडा घातला, “सक्षम” काढलं’ असं लिहा.