जुनी पिजो ३०९ डिझेल जळगावच्या उन्हात चालती ठेवायची तर

आपल्याकडे पिजो म्हटलं की लोक जीपच समजतात, अन् त्यात फार चूक पण नाही, कारण महिंद्राच्या एमएम ५४० मधलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन मूळ पिजोचंच होतं आणि जुने मिस्त्री अजून त्याला डीपी इंजिनच म्हणतात. पण मी सांगतोय ती कार, पिजो ३०९, प्रीमियर कंपनीसोबत भागीदारीत १९९४ ला आपल्याकडे आली आणि तीन-चार वर्षांत सगळा कारभार आटोपला. मी पहिल्यांदा मिस्त्रीच्या दारात गाडी उभी केली तेव्हा त्याने बोनेट उघडायच्या आधीच विचारलं, "हाई काय लई उना रे भो?" (अहिराणीत, हे काय घेऊन आलास रे भाऊ?) तर ज्यांना असाच छंद लागलाय किंवा कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये धूळ खात पडलेली ३०९ दिसलीये अन् हात शिवशिवताय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डिझेलचंच सांगतो, पेट्रोल १३६० सीसीची मी हाताळलेली नाही.

आधी घेताना काय बघायचं. इंजिन शेवटी बघा, पत्रा पहिले बघा. इंजिन होतं दुरुस्त, सडलेला पत्रा माणसाला कंगाल करतो. यातल्या भरपूर गाड्या मुंबईकडे विकल्या गेल्या, तिकडची दमट हवा खाल्लेली गाडी वरून चकाचक अन् खालून चाळणी असू शकते, त्याउलट धुळे-जळगावकडे वर्षानुवर्षं राहिलेली गाडी रंगाने उडालेली दिसेल पण खालून कोरडी ठणठणीत मिळते. दाराच्या खालच्या कडा, डिक्कीतलं कार्पेट उचलून खालचा पत्रा, आणि पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टॉवर, तिथे स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकून बघा, आवाज भद्द आला की भाव पाडा नाहीतर घरी या.

मग गाडीच्या मागे दहा पावलं जाऊन खाली बसा आणि मागच्या चाकांकडे बघा. चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली दिसली तर मागच्या अ‍ॅक्सलची निडल बेअरिंग (सुयांसारख्या बारीक रोलरांची) गेलीत. त्याचं सविस्तर खाली सांगतो कारण या गाडीचं खरं दुखणं तेच आहे.

आता पार्टचं. लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, पार्ट मिळतात का. इंजिनाचे मिळतात, बॉडीचे विसरा. १५२७ सीसीचं हे टीयूडी ५ इंजिन नंतर मारुतीने १९९८ च्या सुमारास झेन डिझेल आणि एस्टीम डिझेलला घेतलं, आणि प्रीमियरने २००९ मध्ये रिओ काढली तिच्यात पण याचंच थोडं कमी सीसीचं भावंड टाकलं. म्हणून दुकानात जाऊन "पिजो ३०९ चं हेड पॅकिंग द्या" म्हणाल तर दुकानदार तुमच्याकडे बघत बसेल, "झेन डिझेल" म्हणा, मग तो मागे जाऊन शोधायला तरी लागतो. फक्त माउंटिंग, पाईप, अल्टरनेटरची पट्टी असल्या बाहेरच्या गोष्टी गाडीगणिक वेगळ्या असतात, म्हणून जुना पार्ट पिशवीत घालून सोबत न्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून बघा. काचा, लाईट, दाराची हँडल हे कुठे दिसलं की घेऊन ठेवा, कुर्ल्याच्या भंगारात चक्कर मारा. गंमत म्हणजे युरोपात या गाडीची दारं अन् पिजो २०५ ची दारं एकच, पण २०५ आपल्याकडे विकलीच नाही, म्हणजे ही माहिती फक्त चहा पिताना सांगायला बरी.

सगळ्यात जास्त लक्ष कूलिंगवर द्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास फिरतो, गाडी त्या हवेतूनच थंड व्हायची आहे. माझी पहिली चूक इथलीच. रेडिएटरमध्ये घरच्या बोअरचं पाणी टाकत राहिलो, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते चहाच्या पातेल्याच्या बुडाकडे बघितलं तरी कळतं, तेच सगळं रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसलं आणि दोन वर्षांत अर्धा रेडिएटर जाम. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे बॅटरीचं पाणी आणि कूलंट, अर्धं-अर्धं, दुसरं काही टाकायचं नाही.

दुसरी गोष्ट एअर लॉक. या इंजिनात पाणी नुसतं वरून ओतून झाकण लावलं की हवा आत अडकते, मग टेम्परेचरचा काटा एकदम वर जातो, खाली येतो, आणि इंजिन तापलेलं असताना हीटरमधून मात्र गार हवा येते, हे दिसलं की समजा हवा अडकलीये. हवा काढायला छोटे स्क्रू दिलेले असतात, एक थर्मोस्टॅटच्या घराजवळ, एक हीटरला जाणाऱ्या होजवर केबिनच्या भिंतीपाशी, तो धुळीने इतका माखलेला असतो की बऱ्याच मिस्त्रींना तिथे स्क्रू आहे हेच माहीत नसतं. पद्धत अशी: इंजिन पूर्ण गार, हीटरचा नॉब फुल गरमवर. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, बूड कापा, तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती उलटी भरायच्या तोंडात घट्ट बसवा, म्हणजे पाण्याची पातळी इंजिनपेक्षा वर राहते. आता सगळे स्क्रू ढिले करून बाटलीतून हळूहळू ओता, आधी फसफस करत हवा येईल, मग तुटक पाणी, मग सलग धार, ज्याची धार सलग झाली तो स्क्रू बंद. पितळी असो की प्लास्टिकचा, बोटाच्या जोरानेच आवळा, पान्याने जोर लावला की मुंडकं हातात येतं (आलंय माझ्या). मग इंजिन चालू करून रेडिएटरचा फॅन स्वतःहून सुरू होईपर्यंत थांबा, बंद करा, गार झाल्यावर पातळी परत बघा. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे वेगळं सांगत नाही.

फॅन लागतच नसेल तर रेडिएटरमधल्या फॅन स्विचचा प्लग काढून दोन्ही वायरी एका तारेने जोडा, फॅन फिरला तर स्विच गेलाय, नाही फिरला तर फ्यूज, रिले किंवा मोटर. मी त्या स्विचला पॅरलल एक बटण डॅशबोर्डखाली घेतलंय, चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायला लागलो की आधीच दाबून टाकतो. माझ्या मते या गाडीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा बदल हाच.

टायमिंग बेल्टबद्दल (व्हॉल्व अन् पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) एकच, जुनी गाडी घेतली की मालक काहीही सांगो, बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप तिन्ही एकदम बदला, पंप त्याच बेल्टवर फिरतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात अन् हेड काढावं लागतं. बदलताना मिस्त्री व्हाईटनरने खुणा करून "होऊन जाईल भाऊ" म्हणेल, होऊ देऊ नका. फ्लायव्हीलला पिन घालून लॉक करायची सोय आहे, कॅम आणि डिझेल पंपाची पुली ८ एमएमच्या साध्या बोल्टांनी लॉक होते, तिन्ही लॉक झाल्याशिवाय जुना बेल्ट काढायचा नाही. आणि एक, हेडचे बोल्ट टॉर्क्सचे म्हणजे चांदणीच्या आकाराचे असतात, चांगला बिट आधी घ्या, अ‍ॅलन की ठोकून बसवली तर बोल्टाचं डोकं गुळगुळीत होतं आणि मग लेथवाल्याच्या हातापाया पडा.

डिझेल पंप अन् नोझलसाठी कारच्या गॅरेजला जाऊच नका, ट्रॅक्टरचे पंप करणाऱ्याकडे जा. आपल्याकडे केळी-कापसाच्या जिवावर ट्रॅक्टर एवढे, की रोटरी पंप खोलणारा माणूस तालुक्याच्या गावाला सापडतोच. आमच्या इथले नाना टेस्ट बेंचवर नोझल लावतात, हँडल मारतात, फवारा धुक्यासारखा आला तर मान हलवतात, धार आली तर बाजूला टाकतात, बोलत काहीच नाहीत. २०२० पासून डिझेल कमी सल्फरचं आलं, १० पीपीएमचं, त्याने जुन्या पंपांची रबरी सील आकसतात आणि पंप बाहेरून पाझरायला लागतो, अन् जिथून डिझेल बाहेर येतं तिथूनच रात्रभरात हवा आत जाते. सकाळी गाडी खूप सेल्फ मारून उठत असेल तर आधी फिल्टरजवळचा हातपंप दाबून बघा, तो दाबल्यावर पटकन स्टार्ट झाली तर हवा, नाही झाली तर हीटर प्लग (स्टार्ट करताना इंजिन आतून तापवणारे) तपासा. प्लग तपासायला त्याची पट्टी सोडा, १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या टोकाला, बल्ब पेटला तर प्लग जिवंत.

आता मागचा अ‍ॅक्सल. ३०९ ला मागे कॉइल स्प्रिंग नाहीच, आडवे टॉर्शन बार आहेत, म्हणजे पोलादी सळ्या पिळल्या जातात आणि तोच स्प्रिंग, अन् चाकाचे हात एका आडव्या नळीवर निडल बेअरिंगमध्ये फिरतात. सील फाटलं की काळ्या मातीचा चिखल आत, ग्रीस बाहेर, बेअरिंगच्या सुया शाफ्टला खायला लागतात. सुरुवातीला खड्ड्यात कुरकुर, नंतर चाक झुकतं, अन् तोपर्यंत शाफ्टला नालीसारख्या खाचा पडलेल्या असतात. बेअरिंग स्टँडर्ड मापाचं असेल तर बेअरिंगच्या दुकानात माप देऊन मिळून जातं, खराब शाफ्ट लेथवर भरून परत घासून घेता येतो, पण काम लेथवाल्याने केलं तरी माप तुम्ही स्वतः व्हर्नियरने घ्या. मी शाफ्ट एमआयडीसीतल्या वर्कशॉपला दिला, पहिल्यांदा बेअरिंग ढिलं बसलं, परत करून घेतलं, दोन आठवडे गाडी वीटांवर.

टॉर्शन बार काढताना दोन्ही बाजूंच्या दात्यांवर पंचने खूण करा, फोटो काढा, परत खूण करा. बार आत गंजून बसलेले असतात, दोन दिवस आधीपासून डिझेल-ऑइल सोडत राहा, मग स्लाइड हॅमर, म्हणजे सरकत्या वजनाच्या झटक्याने ओढून काढायचं हत्यार. अन् इथेच गाडी उंच करायची संधी मिळते: बार दोन्ही टोकांना दात्यांत बसतो आणि दोन्हीकडचे दाते सारखे नसतात, म्हणून बार थोडा फिरवून बसवला की मागची उंची बारीक-बारीक बदलता येते. शेतरस्त्याला पोट घासू नये म्हणून मी थोडी वर घेतली. फार हावरेपणा नको, पुढची उंची तीच राहते, गाडी कोंबडीसारखी शेपूट वर करून उभी राहिली तर हेडलाईट जमिनीत घुसतात.

चाकांबाबत सावध राहा. पीसीडी ४ बाय १०८, म्हणजे चार बोल्ट १०८ एमएमच्या वर्तुळावर, म्हणून लोक म्हणतात जुन्या फोर्डचे अलॉय टाक, तिचा पण ४ बाय १०८. पण फोर्डच्या रिमचं मधलं भोक ६३.४ एमएम, पिजोचा हब ६५.१, जाणारच नाही, लेथवर वाढवावं लागतं आणि बोल्टाची बैठक पण जुळायला हवी. मी रंग मारून जुन्या लोखंडी रिमच ठेवल्यात. या गाडीला स्टड-नट नाहीत, बोल्ट आहेत, स्टेपनी बदलताना चाक अधांतरी धरून भोक जुळवायला लागतं. जुना १२ एमएमचा बोल्ट, १.२५ च्या आट्याचा, त्याचं डोकं कापून पिन करून ठेवा, ती आधी फिरवून लावा, चाक तिच्यावर अडकवा, तीन बोल्ट लावा, पिन काढा.

कागदांचं थोडक्यात. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिपासिंग, वर ग्रीन टॅक्स. ५० वर्षं झाली नाहीत म्हणून व्हिंटेजमध्ये बसत नाही. रंग बदलला किंवा इंजिन बदललं तर आरसीवर चढवावंच लागतं, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाही असं सांगितलंय, तेव्हा चेसी कापाकापीच्या भानगडीत पडू नका. रिले लावून हेडलाईट सुधारणं, सीट नीट करणं एवढ्यात हौस भागते.

डिक्कीत कायम: गिअर लिंकेजच्या जुन्या सॉकेटवर गुंडाळायला बाइंडिंग वायर (गिअर लिव्हर एकदम लुळा पडला तर गिअरबॉक्स गेला म्हणून रडू नका, खाली एक दांडी बॉलवरून निसटलेली असते, दाबून बसवा, तारेने बांधा, घर गाठा), ती चाकाची पिन, दोन होज क्लिप, टॉर्क्स बिट, आणि पाण्याचे दोन कॅन, एक गाडीचा एक आपला. दोन्हीवर मार्करने मोठं लिहून ठेवा. मागच्या मे मध्ये पाळधीजवळ थांबलो होतो, मेहुण्याने अर्धा लिटर बॅटरीचं पाणी पिऊन टाकलं आणि वरून म्हणे, दाजी, तुमच्याकडच्या पाण्याला काही चवच नाही.